जुन्या पिकअपचं अ‍ॅव्हरेज: पंप-नोझल खोलण्याआधी गाडी ढकलून बघा

प्रश्न थोडक्यात असा. पिंपळगाव बसवंतच्या बाजूच्या एका भावाकडे २०१३ची बोलेरो पिकअप आहे. अडीच लिटरचं कॉमन रेल इंजिन (एकाच सामाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, सगळ्या नोझलना जोराच्या दाबाने डिझेल मिळतं ते), अडीच लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. टोमॅटो, द्राक्षं नाशिकच्या मार्केट यार्डात, हंगामात वाशीला. आधी माल भरून लिटरला बारा-साडेबारा किलोमीटर द्यायची, आता नऊच्या वर जात नाही. एका गॅरेजमध्ये चारही नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर) आणि त्यांना डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं काम सांगितलंय, खर्च पन्नास हजारांच्या घरात. एक मित्र म्हणतो ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद कर, दुसरा म्हणतो डिझेलच्या पाइपवर चुंबक बसव. आता काय करावं?

भाऊ, पन्नास हजार तूर्त खिशातच राहू द्या. माझं काम पंचवटीत, आडगाव नाक्याच्या बाजूला, आणि समोर येणाऱ्या गाड्यांमध्ये निम्म्याहून जास्त पिकअपच. अ‍ॅव्हरेज गेलं म्हणून आलेल्या गाडीचं दुखणं बहुतेक वेळा बॉनेटखाली नसतं, चाकांत असतं. पण चाकं खोलायला मेहनत जास्त आणि बिल कमी, त्यामुळे सगळ्यांचा हात आधी नोझलकडे जातो. हाल्याला रोग अन् पखालीला इंजेक्शन, त्यातला प्रकार.

आधी हा नऊचा आकडा कुठून आला ते तपासा. 'दोन हजारांचं टाकलं, दोनशे चालली' हा हिशेब नव्हे. टाकी फुल करा, पंपाचं पिस्तूल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की तिथेच थांबा. पंपावरचा पोरगा राउंड फिगर करू का विचारेल, नको म्हणा. वाशीची एक खेप जाऊन-येऊन चारशेच्या आसपास होते, ती करा आणि त्याच पंपावर, त्याच मशीनवर, गाडी त्याच बाजूने लावून परत पहिल्या कटपर्यंत भरा. आता गेलेलं डिझेल खरं कळलं. असं दोन-तीनदा करा आणि वहीत प्रत्येक वेळी किती कॅरेट होते, परतीला रिकामी आली की भरून, भिवंडीला किती वेळ अडकली हे लिहा. माल न लिहिता काढलेलं पिकअपचं अ‍ॅव्हरेज कुणाच्याच उपयोगाचं नाही. गाडी ड्रायव्हरच्या हातात असेल तर पहिला फुल आणि दुसरा फुल, दोन्ही वेळा स्वतः हजर राहा. जास्त बोलत नाही.

किलोमीटरचा आकडाही तपासा. मधल्या काळात टायरचा साइज बदललाय का? या गाड्यांवर २१५/७५ आर १५ पण दिसतो आणि ७.०० आर १५ पण. दुसऱ्याचा घेर पाच-सहा टक्क्यांनी मोठा. मीटर चाकाचे फेरे मोजतं, त्यामुळे लहान टायर काढून मोठा घातला की गाडी शंभर पळते आणि मीटर चौऱ्याण्णव-पंचाण्णव दाखवतं. डिझेल तेवढंच, पण हिशेबात बाराची गाडी साडेअकराच्या खाली दिसते. मोबाईलच्या जीपीएसवर पन्नास किलोमीटर ताडून घ्या, शंका फिटेल.

आता गाडी ढकला. खरंच सांगतोय. रिकामी गाडी, सपाट फरशी, टायरात हवा बरोबर, न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. तुमची रिकामी पिकअप सोळाशे-सतराशे किलोंची असेल. चारही चाकं मोकळी असतील तर ती हलती ठेवायला वीस-पंचवीस किलोंचा जोर पुरतो, म्हणजे एक धडधाकट माणूस तिला रेटू शकतो. दोघांना घाम फुटत असेल तर पन्नास हजारांच्या नोझलने काय होणार? ती गाडी ब्रेक दाबलेलाच ठेवून चाललीय.

त्यानंतर एकेक चाक जॅकवर घ्या, खाली घोडी लावा आणि हाताने फिरवा. पुढच्या डिस्कला पॅड किंचित घासल्याचा बारीक आवाज येतो, तो चालतो. चाक सोडल्यावर फेरा-दीड फेरा तरी स्वतःहून फिरायला हवं. मागच्या चाकांना डिफरेन्शियलचं वजन लागतं, ती थोडी जड वाटणारच. तिथे डावं आणि उजवं एकमेकांशी ताडायचं.

जुन्या पिकअपमध्ये मला सगळ्यात जास्त सापडतात ते पुढच्या कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या) गंजलेल्या पिना. शेतातून, चिखलातून, पावसाळ्यात कांदा भरून फिरलेली गाडी. पिनांची रबरी बुटं फाटलेली, आत ग्रीसच्या जागी लाल गंज. ब्रेक दाबला की पॅड डिस्कला धरतो, पाय काढल्यावर मागे सरकतच नाही. खूण सोपी आहे: एकाच चाकाच्या दोन पॅडपैकी एक सात-आठ मिलिमीटर शिल्लक आणि दुसरा पत्र्याला लागलेला. पिना काढून घासून, ब्रेकचं उष्णता सोसणारं ग्रीस लावून, नवी बुटं घालून बसवायच्या. साधं चेसिसचं ग्रीस तिथे चालत नाही, ते बूट फुगवतं आणि पिन पुन्हा अडकते.

दुसरी जागा ब्रेकचा रबरी होज. बाहेरून ठणठणीत दिसतो, आतून सुजून बंद होत येतो. पायाच्या जोराने तेल आत जातं, परत मात्र सावकाश येतं, तोवर चाक धरलेलंच. ओळखायचं कसं? चाक जाम वाटतंय अशा वेळी त्याच चाकाचा ब्लीडर स्क्रू (ब्रेकच्या तेलातली हवा काढायचा) जरासा सैल करा. चार थेंब उडाले आणि चाक लगेच मोकळं झालं, तर तेल वरच्या बाजूला अडकत होतं. होज किंवा मास्टर सिलिंडर बघा. मोकळं झालं नाही तर दोष कॅलिपरमध्ये नाहीतर ड्रममध्ये.

मागच्या ड्रमची गोष्ट पासिंगशी, म्हणजे गाडीच्या सरकारी फिटनेस तपासणीशी जोडलेली आहे. तुमच्या गाडीला आठ वर्षं उलटून गेली, म्हणजे आता दरवर्षी पासिंग. पासिंगच्या आधी गाडी गॅरेजला येते, ब्रेक लागला पाहिजे म्हणून मागचे लायनर कचकचीत आवळले जातात, हँडब्रेकची केबलही ओढून घेतली जाते. गाडी पास होते, आणि त्यानंतर वर्षभर ते लायनर ड्रमला घासत राहतात. तुमच्या वहीत अ‍ॅव्हरेज कधीपासून उतरलं ते बघा आणि पासिंगची तारीख बघा. दोन्ही जवळ आली तर मला नवल वाटणार नाही.

याचा डिझेलवर परिणाम किती? ढोबळ गणित करू. माल भरलेली पिकअप साठच्या वेगाने सपाटीवर न्यायला एकूण साठ-सत्तर किलोंचा ओढा लागतो. त्यात एका ब्रेकने दहा किलो धरून ठेवले तर नुसत्या त्या चाकावर दीड किलोवॅटहून जास्त शक्ती जळत राहते. घरात पाणी तापवायची रॉड असते ना, तशी एक ड्रममध्ये चालू ठेवून वाशीला जाऊन यायचं. बाराची गाडी त्या एका चाकापायी अकरावर येते, दोन चाकं धरली तर दहावर. आणि इंजिनमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. म्हणून वीस-पंचवीस किलोमीटर चालवून, शेवटी ब्रेक फार न मारता गाडी थांबवा आणि चारही रिम तपासा. तापमान मोजायची गन असेल तर उत्तम (कपाळाला लावतात ती नव्हे, कारखान्यात वापरतात ती). नसेल तर हात रिमच्या जवळ न्या, ड्रमला चिकटवू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा ठळक गरम लागलं की चोर सापडला.

एक मात्र बजावून सांगतो. ब्रेक मोकळा करणं आणि ब्रेक सैल ठेवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अ‍ॅव्हरेजसाठी लायनर सैल ठेवून कसारा घाट उतरायचा नाही.

ब्रेक झाले की पुढचे हब. बेअरिंगचा नट पूर्ण आवळून पिन मारणारे कारागीर आहेत. चाक फिरवत आवळायचा, मग मागे घ्यायचा, चाक हलतही नाही आणि जडही नाही अशा जागी पिन मारायची. हबमध्ये ग्रीस ठासून भरायचं नसतं.

मग पाटे. कमानीच्या पाट्यांना मधोमध एक सेंटर बोल्ट असतो, एक्सल त्याच्यावर जागच्या जागी बसतं. दीड टन सांगून दोन टन भरलेल्या गाड्यांचे हे बोल्ट तुटतात. वरून यू-बोल्ट आवळलेले असल्याने काही दिसत नाही, पण एक्सल एका बाजूने बोटभर मागे सरकतं आणि गाडी रस्त्यावर तिरकी पळायला लागते. मागून येणाऱ्याला ते दिसतं, चालवणाऱ्याला कळत नाही. सुतळी घ्या. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंना मोजा. पाच-सात मिलिमीटरचा फरक सुतळीचाच असू शकतो; बोटभर फरक आला तर आधी पाटे खोला. हे न करता अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी चढवली तर कॉम्प्युटरचा छापील कागद मिळेल, बाकी काही नाही. अलाइनमेंट बिघडल्याची खूण टायरवरच असते: पुढच्या टायरच्या रबरावरून तळहात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखं टोचलं तर चाकं रस्त्यावर घासत चाललीत.

टायरबद्दल थोडक्यात. हवेचा आकडा दरवाजाजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात असतो, पुढचा वेगळा, मागचा वेगळा, भरलेल्या गाडीचा वेगळा. पंक्चरवाल्याच्या अंदाजाने भरू नका, आणि गाडी लांबून आल्यावर गरम टायरात मोजू नका. मागच्या चाकांना नायलॉनचे रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले टायर) असतील तर पुढच्या वेळी रेडिअल घ्या. रेडिअल कमी तापतो, मोकळा पळतो, आणि वाशीच्या खेपा करणाऱ्याला तो फरक डिझेलमध्ये परत मिळतो. गावातल्या गावात फिरणाऱ्याला मी एवढ्या आग्रहाने सांगणार नाही.

इतकं झाल्यावर बॉनेट उघडा.

एअर फिल्टर बघा, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. शेतरस्त्याच्या धुळीत तो चोंदतोच. हवा मारायची तर आतून बाहेर आणि बेताच्या दाबाने. बाहेरून जोरात मारली तर कागदात बारीक छिद्रं पडतात आणि तीच धूळ टर्बोत आणि पिस्टनवर जाते. दोन-तीनदा साफ झालेला फिल्टर सरळ बदला. त्याहून महत्त्वाचे आहेत टर्बोपासून इंजिनपर्यंतचे रबरी पाइप. दहा वर्षांनी रबर तडकतं, क्लिप ढिल्या होतात. टर्बोने दाबलेली हवा तिथून निसटते, गाडी चढाला ओढत नाही, काळा धूर सोडते आणि तुम्ही पाय आणखी दाबता. पाइपच्या जोडाला तेलकट काळा ओघळ असेल, किंवा कुणाला रेस द्यायला लावून तिथे कान दिल्यावर फुस्स असा आवाज येत असेल, तर शंभर-दोनशेच्या क्लिपमध्ये किंवा एका होजमध्ये काम होऊन जातं.

थर्मोस्टॅटवर (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) जरा थांबू, कारण इकडे ही खोड फार आहे. कधीतरी गाडी गरम झालेली असते, रेडिएटर साफ करायचा सोडून कुणीतरी थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह उपटून फेकून देतो. गाडी गरम होणं थांबतं, मालक खूश. पण आता इंजिन कधीच नीट तापत नाही. तुम्ही निफाडच्या पट्ट्यातले. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तिथला पारा किती खाली येतो ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या थंडीत चार वाजता कॅरेट भरून निघालेली गाडी नाशिक येईपर्यंत थंडच असते. थंड इंजिनचं तेल जाड, आतलं घर्षण जास्त, आणि कॉमन रेलचा कॉम्प्युटर इंजिन थंड आहे म्हणून डिझेलचा हिशेबही वेगळा लावतो. काटा दहा-पंधरा किलोमीटरनंतरही पाव भागाच्या खालीच रेंगाळत असेल तर हाउसिंग खोलून व्हॉल्व्ह आहे का ते बघा. असला तर पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्याने लटकवा, शेजारी थर्मामीटर धरा, गॅस लावा. व्हॉल्व्हवर अंशांचा आकडा ठोकलेला असतो, बहुधा ऐंशीच्या आसपास. त्या आकड्याजवळ तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी निवल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. गार पाण्यातच फट दिसत असेल तर नवीन टाका. पण आधी रेडिएटर आणि फॅन तपासल्याशिवाय नको, नाहीतर जुनं गरम होण्याचं दुखणं परत वर येईल.

इंजिन ऑइल पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं. आवाज दबावा म्हणून जाड ऑइल भरलं जातं, आवाज दबतो, त्याची किंमत डिझेलमध्ये जाते. डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वरही नको. डिझेल फिल्टर वेळेवर बदला आणि खालचं पाणी काढत जा. गाडी रात्रभर उभी होती तिथे खाली ओला डाग, किंवा टाकीजवळ डिझेलचा वास येत असेल तर परतीचा पाइप तपासा.

आता मित्रांचे सल्ले. चुंबक घेऊ नका. ठीक चालणाऱ्या डिझेल इंजिनात गेलेलं डिझेल ९८ टक्क्यांच्या वर जळतंच. उरतं ते दोन टक्क्यांच्या आत. मग 'जळण सुधारून वीस टक्के वाढ' द्यायला चुंबक डिझेल आणणार कुठून? बाटलीतली औषधं, पाण्यापासून गॅस करणारी किट, सगळ्यांना हाच प्रश्न विचारा. रॉकेल तर मुळीच नको. कॉमन रेलच्या पंपाला आणि इंजेक्टरला वंगण डिझेलचंच असतं, आणि रॉकेलमध्ये ते पुरेसं नसतं.

ईजीआर बंद करू नका, साफ करा. तो काजळीने उघडा अडकला की इंजिनला ताज्या हवेऐवजी स्वतःचाच धूर जास्त मिळतो, ओढ जाते, काळा धूर येतो. तक्रार खरी असते, उपाय चुकतो. काढून काजळी धुतली, व्हॉल्व्ह मोकळा उघड-मिट करायला लागला की काम संपलं. पत्रा ठोकून तो बंद करणं नियमात बसत नाही.

सवयींचं बोलायला हवं, कारण चाकं मोकळी झाल्यावर उरलेला मोठा वाटा पायाचाच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठच्या वेगाला जितका, ऐंशीला त्याच्या पावणेदोन पट. आणि तुम्ही कॅबिनच्या वर दोन-तीन थर कॅरेट रचून, वरून फडफडणारी ताडपत्री टाकून जाता. नाशिक ते वाशी ऐंशीने गेलात तर कागदावर चाळीस मिनिटं वाचतात, आणि त्यातली निम्मी भिवंडीच्या जॅममध्ये परत जातात. साठ-पासष्टने चला. कॅरेट शक्यतो कॅबिनच्या उंचीच्या आत ठेवा, वर जायचंच तर पुढचा थर मागच्यापेक्षा उंच नको. ताडपत्री दोरीने गच्च ओढा, पुढची कड कॅबिनच्या मागे दाबून घ्या. परत येताना रिकामे कॅरेट एकात एक बसत असतील तर खाली रचून या. उंच जाळीची भिंत उभी करून साठ-सत्तरने हवेला रेटत येण्यात काय अर्थ?

कसारा घाटाचं डिझेल वाचवता येत नाही, वाया घालवणं टाळता येतं. कसाऱ्याहून इगतपुरी साधारण तीनशे मीटर उंच. तीन टनांची भरलेली गाडी तेवढी वर न्यायला नुसत्या चढाचं पाऊण लिटर लागतं, रस्त्याचं वेगळं. तुमचं नशीब की माल उतारावर जातो आणि गाडी बहुतेक रिकामी वर येते. उतरताना न्यूट्रल करू नका. गाडी गिअरमध्ये असेल आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून पूर्ण काढलेला असेल तर कॉमन रेल इंजिन डिझेलच बंद करतं, चाकं इंजिनला फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच, वर ब्रेक तापतात. म्हणजे जीव धोक्यात घालून वर पैसे मोजायचे. चढाला गिअर लवकर खाली घ्या. या इंजिनची खरी ओढ दीड ते दोन-सव्वादोन हजार फेऱ्यांत आहे. त्याखाली घरघरत रेटलं तर काळा धूर, त्यावर किंचाळत ठेवलं तर नुसता आवाज. फेऱ्यांचा काटा नसेल तर कान वापरा, तुम्हाला तुमच्या गाडीचा आवाज माझ्यापेक्षा जास्त कळतो.

उभ्या गाडीचं इंजिन तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं. यार्डात लिलाव होईपर्यंत, काट्याच्या रांगेत, द्वारका चौकात मोठा जॅम लागला तर, बंद करा. क्लचवर पाय टेकवून चालवायची सवय असेल तर मोडा. क्लच घसरतोय का ते बघायला चौथ्या गिअरमध्ये बेताच्या वेगाला एकदम पाय दाबा. आवाज वाढला आणि गाडीचा वेग वाढला नाही तर प्लेट गेली. हौद्यातलं भंगारही उतरवा. जास्तीचा लोखंडी गार्ड, दोन जॅक, ओली दोरखंडं, कोपऱ्यात साचलेली माती; एका गाडीतून हे सगळं काढलं तेव्हा पाट्यांनी अंगठाभर उसासा टाकला होता.

हे सगळं करायला ब्रेकच्या सामानासकट पाच-सात हजारांच्या पुढे जायचं कारण नाही, क्लच आणि टायर सोडून. त्यानंतर पुन्हा फुल टू फुल काढा. नऊची गाडी अकराच्या आसपास यावी. तुम्ही महिन्याला तीन हजार चालवत असाल तर नऊला ३३३ लिटर लागतात, अकराला २७३. साठ लिटर, म्हणजे नव्वदचा भाव धरला तर ५,४०० रुपये महिन्याला. नव्या गाडीसारखे साडेबारा परत मिळतील असं मी म्हणणार नाही, अडीच लाखांनंतर इंजिनचंही वय बोलतं.

आणि एवढं करूनही नऊ-साडेनऊच राहिली, काळा धूर थांबत नसेल, उभ्या गाडीत इंजिन अडखळत असेल, तरच नोझलकडे वळा. तेही चाचणी करून. आपलं नाशिक या कामाला चांगलं गाव आहे. मायको सर्कल ज्या कंपनीच्या नावाने ओळखला जातो, ती मायको २००८ पासून बॉश झाली, आणि तिचा सातपूरचा कारखाना डिझेलच्या नोझल-इंजेक्टरचाच. महिंद्राचा कारखानाही तिथेच. त्यामुळे या कामातले जाणते हात इथे भरपूर आहेत. तितकाच डुप्लिकेट मालही आहे.

आधी स्कॅनर लावून रेलचा दाब, हवेचं माप आणि पाण्याचं तापमान वाचायला सांगा. मग ऑइल भरायचं झाकण इंजिन चालू असताना सैल करून बघा. तिथून भकाभका धूर येत असेल तर रिंगा-सिलिंडर थकलेत, आणि नवे इंजेक्टर घालून पैसे वाया जातील. तसं नसेल तर रिटर्न टेस्ट. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडतात आणि दोन-एक मिनिटं इंजिन चालू ठेवतात. तुम्ही स्वतः समोर उभे राहा. तीन बाटल्यांत डिझेल तळाशी आणि चौथीत दुप्पट असेल तर चौथा इंजेक्टर आतून झिजलाय. चारही बदलायची गरज नाही. जो काढतील त्याचा बेंचवरचा रिपोर्ट मागा. नव्या इंजेक्टरवर कोड असेल तर तो स्कॅनरने इंजिनच्या कॉम्प्युटरला भरून घ्या, हे विसरणारे बरेच आहेत. खालचा तांब्याचा वॉशर दर वेळी नवीन. आणि काढलेला जुना इंजेक्टर बिलासकट घरी घेऊन या.